तोलाचं मागणं

पांडुरंगा,

पाय जुळवून उभे राहा, असं डॉक्टर दादाला सांगतात तेव्हा तुझं समचरण रूप माझ्या डोळ्यांपुढं येतं. वीट ती केवढी! तिच्यावर तू दोन्ही पाय सरळ जोडून, हात कमरेवर ठेवून कधीचा उभा आहेस. भिंतीचा आधार नाही, हात पसरून सावरणं नाही. लहानपणापासून आम्ही त्या रूपापुढं डोकं टेकवलं, पण असं उभं राहणं माणसाच्या अंगाला किती जड जातं, हे आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. दादाला ते जमत नाही. पाय जुळवले की त्याचं धड डोलायला लागतं, पोटऱ्या तटतटतात, पायाची बोटं फरशी धरू बघतात आणि क्षणभरात एक पाय आपसूक बाजूला पडतो. डोळे मिटून तर नाहीच, उघडे ठेवूनही नाही.

तुझ्याकडं आज मागायला आले आहे, आणि काय मागायचं ते ठरवून आले आहे.

बळ मागत नाही. बळ त्याच्यापाशी आहे. डॉक्टरीणबाईंनी आपली दोन बोटं त्याच्या मुठीत देऊन ‘दाबा’ म्हटलं, तेव्हा शेवटी त्यांनाच ‘बास, बास’ म्हणावं लागलं. दंड शाबूत, मांड्या शाबूत, कुठंही लकवा नाही. गेलं आहे ते माप. हात किती उचलायचा, कुठवर न्यायचा, कुठं आवरायचा, कुठला स्नायू आधी आणि कुठला मागून, हा सगळा हिशेब विस्कटला आहे. त्याला कारण डोक्याच्या मागं, मानेच्या वर असलेला लहान मेंदू. शाळेच्या पुस्तकात त्याला अनुमस्तिष्क म्हणतात, आणि परीक्षेला एका ओळीचं उत्तर असतं : शरीराचा तोल सांभाळणे. दादानं स्वतः कित्येक वर्षं मुलांकडून ते उत्तर लिहून घेतलं.

फ्रान्समध्ये फ्लुरांस नावाच्या शास्त्रज्ञानं १८२४ साली कबुतरांच्या लहान मेंदूचे काप काढून पाहिले होते. कबुतरांना दिसत होतं, ऐकू येत होतं, उडायची इच्छाही होती आणि पंखांत जोरही होता. पण पंख फडफडायचे, पाय भलतीकडं पडायचे, उडणं काही व्हायचं नाही. ताकद वेगळी आणि ताकदीची जुळणी वेगळी, हे माणसाला त्या मुक्या जिवांकडून कळलं. त्यांचं तुझ्याशी काय बोलणं झालं असेल ते तुझं तुला ठाऊक.

विठ्ठला, तुझी पूजा ही एवढी कठीण परीक्षा आहे हे मला दादाकडं पाहून उमजलं.

बुक्क्याचंच घे. वाटीत बोट बुडवायचं आणि कपाळाला लावायचं, यात काय आहे? डॉक्टरही तेच करायला सांगतात, फक्त बुक्का नसतो : माझ्या बोटाला हात लावा, मग तुमच्या नाकाला लावा, पुन्हा माझ्या बोटाला. दादाचा हात वाटीतून निघतो तेव्हा ठीक असतो. अर्ध्या वाटेपर्यंतही ठीक असतो. कपाळ जवळ यायला लागलं की बोट डावी-उजवीकडं हेलकावे घेतं, जितकं जवळ तितका हेलकावा मोठा, आणि शेवटी ते भुवईवर नाहीतर थेट डोळ्यात जातं. आमच्या चुलत्यांना कंपवात होता. त्यांचा हात मांडीवर पडलेला असताना हलायचा आणि पेला उचलायला गेला की जरा शांत व्हायचा. दादाचं नेमकं उलट. मांडीवर हात असेल तर तुझ्या मूर्तीच्या हातासारखा निश्चल, आणि काही करायला, कुणाला काही द्यायला निघाला की थरथर सुरू. म्हणून शेजारीपाजारी म्हणतात, ‘मनावर घेतलं तर येईल की!’ त्यांना कोण सांगणार, की मनावर घेतलं की उलट बिघडतं.

पळीनं तीर्थ देताना ते तळहातावर कमी आणि मनगटावर जास्त पडतं. टाळ त्यानं स्वतःहून खुंटीला लावले. दोन्ही हात एकाच क्षणी आणि तेही मृदंगाबरोबर एकत्र यायला हवेत, ते आता येत नाहीत. एक टाळ आधी पोचतो, दुसरा त्याला शोधत येतो. मनात ठेका पक्का असतो, ओठ त्यावर हलतात, पण हाताला तो वेळेवर कळत नाही. हरिपाठ म्हणताना प्रत्येक अक्षर सुटं पडतं, मध्येच एखादं उगाच मोठ्यानं निघतं. प्रदक्षिणेत सरळ चालणं कसंबसं निभतं. वळण आलं की खांब धरावा लागतो. आरतीचं तबक वहिनी त्याच्या हाती देत नाहीत, आणि तो मागतही नाही. या न मागण्याचं मला फार वाटतं, देवा.

एकदा तपासताना डॉक्टरीणबाईंनी त्याला कोपरातून हात वाकवून स्वतःकडं जोरात ओढायला सांगितला. त्या मनगट धरून विरुद्ध ओढत होत्या. मग त्यांनी एकदम सोडलं. तुझ्या-माझ्यासारख्याचा हात, म्हणजे माझ्यासारखीचा, जरासा हिसका बसून तिथल्या तिथं थांबतो. दादाचा थांबला नाही, मूठ सरळ तोंडावर आली. पण लागलं नाही. कारण सोडायच्या आधीच त्या बाईंनी आपला दुसरा हात त्याच्या तोंडापुढं आडवा धरला होता. हे असं होणार हे त्यांना माहीत होतं आणि तपासायचं तर होतंच. माझ्या मागण्यातलं पहिलं मागणं एवढंच : तूही तसा हात आडवा धर. जिन्यावर धर, न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर धर, गरम चहाच्या कपापाशी धर.

मी काही शिकलेली डॉक्टर नाही, पण घरात दुखणं आलं की माणूस वाचतो, विचारतो. माणसाच्या मेंदूत ८६ अब्जांच्या आसपास चेतापेशी आहेत म्हणतात, आणि त्यांतल्या ६९ अब्जांच्या आसपास या एवढ्याशा लहान मेंदूत. वजनानं तो सगळ्या मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढा. लहान म्हणून आम्ही ज्याला एका ओळीत उरकलं, त्याच्यात तू एवढी दाटी करून ठेवलीस! मोठ्या मेंदूची डावी बाजू अंगाची उजवी बाजू चालवते. लहान मेंदू मात्र ज्या बाजूचा त्याच बाजूला सांभाळतो. मधोमधचा पट्टा धडाचं आणि चालण्याचं बघतो, दोन्ही बाजूंचे गोलार्ध हातापायांचं.

या लहान मेंदूच्या सालीत एका ओळीत मांडलेल्या मोठ्या पेशी असतात. १८३७ मध्ये पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं त्या दाखवल्या, म्हणून त्यांना त्याचं नाव. प्रत्येक पेशीची झाडासारखी फांद्यांची जाळी एकाच पातळीत पसरलेली असते आणि लाखाच्या आसपास धागे तिला येऊन मिळतात. एवढं सगळं ऐकून घेऊन ती पुढं काय सांगते? जपानच्या मासाओ इतो यांनी १९६०च्या दशकात दाखवलं, की ती पुढं फक्त ‘आवर’ एवढंच सांगते. लहान मेंदूच्या सालीतून बाहेर जाणारा निरोप या एकाच पेशीचा, आणि तो निरोप आवरण्याचा. कुणाला किती आवरायचं आणि कधी सैल सोडायचं, एवढ्यावर सुईत दोरा जातो, घास तोंडात जातो, टाळ टाळाला भेटतो. दादाच्या या पेशी एकेक करून विझत चालल्या आहेत. हात त्याचं ऐकतो, त्याला आवरणारं कुणी उरलं नाही.

देवळात येणारा प्रत्येकजण तुझ्याकडं ‘दे, दे’ करतो. दादाच्या पेशींसाठी मी ‘आवर’ मागते आहे. ऐकायला विचित्र वाटलं तरी तू समजून घे.

पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या बाजूला गोळ्या लागलेले कितीतरी ब्रिटिश सैनिक फ्रान्समधल्या लष्करी रुग्णालयांत आले. डोक्यावरच्या लोखंडी टोपाखाली तो भाग उघडा राहायचा. गॉर्डन होम्स नावाच्या डॉक्टरांनी त्यांना बारकाईनं तपासलं आणि १९१७ मध्ये ते लिहून ठेवलं. पुष्कळांची जखम एकाच बाजूची होती. त्यामुळं एकाच माणसाचा एक हात शहाणा आणि दुसरा अनाडी, अशी तुलना त्यांना एकाच खाटेवर करता आली. त्यांतला एक सैनिक जे म्हणाला त्याचा अर्थ असा, की माझा चांगला हात आपलाआपण काम करतो. दुखावलेल्या हाताची मात्र प्रत्येक हालचाल मला आधी डोक्यात जुळवावी लागते, आणि दिशा बदलायची वेळ आली की मी थांबून विचार करतो. दादाही असंच म्हणतो, ‘शर्टाचं बटन लावायचं तर आधी मनाशी धडा वाचावा लागतो.’ म्हणून तो सकाळी दहालाच दमलेला असतो. आळशी झाला म्हणतात लोक. चालणं, गिळणं, वळणं, हे सगळं आमच्याकडून तू आमच्या नकळत करवून घेतोस, त्याला ते दिवसभर जाणीवपूर्वक करावं लागतं. त्या सैनिकांना तू ओळखतोस. त्यांच्या जखमांवर आमच्या डॉक्टरांचं शिक्षण झालं आहे. त्यांना शांतता दे.

आता एक गाऱ्हाणं. ते तुझ्यापाशी नाही घालायचं तर कुठं घालू?

दादा शाळेत शिक्षक होता. आधी फळ्यावरचं अक्षर बदललं. वळणदार, एका रेषेत जाणारं अक्षर मोठं मोठं होत गेलं, शेवटाकडं ओळ उतरणीला लागायची. मग वर्गात येताना दाराची चौकट धरायची सवय लागली. मग जीभ जड झाली. आणि एके दिवशी पालकांनी वरिष्ठांकडं लेखी तक्रार दिली, की सर पिऊन येतात. चौकशीला बोलावलं. गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस, एकादशी न चुकवलेला, समोरच्या खुर्चीतल्या माणसाकडं तोंड करून ‘हा’ असा श्वास सोडून दाखवतो आहे, हे माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पुढं वारीतही तेच. दर्शनबारीत त्याचा तोल गेला तसं मागचा कुणी ओरडला, ‘माळ घालून पितोय बघा!’ तो काही बोलला नाही. बोलला असता तर जीभ अडखळली असती आणि लोकांची खात्रीच पटली असती.

गंमत म्हणायची तर अशी, की लोक अगदीच चुकत नव्हते. दारू प्यायल्यावर माणूस झोकांड्या खातो तो दारूचा अंमल याच लहान मेंदूवर चढतो म्हणून. पिणाऱ्याची चाल सकाळी सरळ होते. वर्षानुवर्षं पीत राहिलं तर मधल्या पट्ट्याचा पुढचा भाग झिजतो आणि मग न पिताही पाय फाकलेलेच राहतात. म्हणजे रस्त्याच्या कडेला आपण ज्याला बेवडा म्हणून ओलांडून जातो, त्याचाही मेंदू दुखावलेला असू शकतो. माळकऱ्याची बाजू मांडताना त्या माणसाला खाली ढकलायचं पाप मला नको. त्यालाही घरापर्यंत पोचव.

आणि अशी आणखी किती दारं आहेत या दुखण्याला! कांजिण्या होऊन गेल्यावर एखादं लेकरू अचानक लटपटायला लागतं, आई घाबरून जाते. बहुतेक लेकरं काही आठवड्यांत पुन्हा पळायला लागतात. त्या आईला तेवढे आठवडे धीर दे. भर उन्हात राबून ज्याला उष्माघात होतो, तो वाचला तरी अंगातल्या तापानं या पुर्किन्ये पेशी करपून चाल कायमची बिघडू शकते. विदर्भातल्या उन्हाळ्यात रस्त्यावर डांबर ओतणाऱ्यांच्या डोक्यावर सावली धर. कुणाला एकाएकी गरगरून उलट्या सुरू होतात, धरून उभं केलं तरी पाऊल टाकता येत नाही, आणि घरातले म्हणतात पित्त झालंय, लिंबूपाणी द्या, झोपू द्या. ते कधीकधी लहान मेंदूत गेलेल्या रक्ताचं नाहीतर बुजलेल्या धमनीचं असतं. अशा घरात त्या क्षणी कुणालातरी रिक्षा आणायची बुद्धी दे. झोपेनं ते बरं होत नाही, आणि त्यात गेलेले तास परत मिळत नाहीत.

आमचं दार मात्र वेगळं. ते रक्तातून आलं.

आमच्या वडिलांना, अण्णांनाही हेच होतं, हे आम्हांला त्यांच्या माघारी कळलं. त्यांचे डोळे संथ फिरायचे. कुणी बाजूनं हाक मारली तर नजर झटकन वळायची नाही. आधी मान वळायची, मग डोळे सावकाश तिथं पोचायचे. गावात त्यांना आढ्यताखोर म्हणायचे. दादाच्या डोळ्यांचं तेच पाहून डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? तेव्हा आम्ही एकमेकांकडं पाहिलं. मुंबईत जे. जे. रुग्णालयात काम केलेले डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांबद्दल लिहिलं होतं : पिढ्यान् पिढ्या चालणारा तोल जाण्याचा आजार, आणि त्याबरोबर अशी संथ नजर. जगात हे वेगळं म्हणून ओळखणारे ते पहिले. झटकन वळणारी नजर मेंदूच्या देठातून चालते आणि या आजारात देठालाही झीज लागते, म्हणून असं होतं. त्यांना ही नजर दिसली तेव्हा ना मेंदूची चित्रं काढणारी आजची यंत्रं होती, ना जनुकाची तपासणी. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांकडं नीट पाहणं, एवढंच हत्यार होतं. वाडिया २०१६ मध्ये गेले. त्यांची नजर ज्यांना लाभली त्या सगळ्या डॉक्टरांना तुझा आशीर्वाद असू दे, आणि ओपीडीत कितीही गर्दी असली तरी एका रोग्याकडं तेवढा वेळ बघायची सवड त्यांना मिळू दे.

१९९६ मध्ये या आजाराचं जनुक सापडलं, बाराव्या गुणसूत्रावर. त्यात तीन अक्षरांची एक मात्रा पुन्हा पुन्हा लिहिलेली असते. बहुतेकांत २२ वेळा. तेहतीसवर किंवा त्यापुढं गेली की दुखणं उभं राहतं, आणि संख्या जितकी मोठी तितकं ते लवकर येतं. तुझं नाव तीन अक्षरांचं. ते जितक्या वेळा घ्यावं तितकं थोडं, असं आम्हांला शिकवलं. आमच्या रक्तात मात्र तीन अक्षरांचा जप थोडा जास्त झाला, आणि त्यानंच घर खचलं. बापाकडून आली तर ही माळ पुढच्या पिढीत आणखी लांबू शकते. अण्णांना पन्नाशीत लागलं, दादाला अडतिसाव्या वर्षी.

रागानं नाही विचारत, पण विचारते. चीनमध्ये चोवीस वर्षांची एक बाई गरगरतं म्हणून दवाखान्यात गेली आणि तपासात दिसलं, की तिला लहान मेंदूच नाही. जन्मापासून नाही, त्या जागी नुसतं पाणी. २०१४ मध्ये डॉक्टरांनी तिची हकीकत छापली. सहाव्या वर्षापर्यंत तिचं बोलणं कुणाला कळत नव्हतं, सातव्या वर्षी आधाराशिवाय चालली, जरा हेलपाटत का होईना संसार केला, लेक झाली. मुळात नव्हतं तिथं तू उरलेल्या मेंदूला एवढं निभावून न्यायला शिकवलंस. मग असलेलं हळूहळू जातं तेव्हा तीच शिकवणी अर्धवट का सोडतोस? वाढत्या वयातल्या मेंदूला ते जमतं, थोराच्या मेंदूला तेवढं जमत नाही, हे डॉक्टरांचं उत्तर मला पटतं. तुझं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

तोवर जे आमच्या हातात आहे त्याला तरी यश दे. पेशींचं झिजणं थांबवणारं औषध आज या आजारावर नाही. जनुकालाच गप्प बसवायचे प्रयोग चालू आहेत. ते करणाऱ्यांच्या हातांना यश दे, आणि तोवर आम्हांला भोंदूंच्या पुड्यांपासून लांब ठेव, त्यात आमचे बरेच पैसे गेले आहेत. फिजिओथेरपीच्या ताई दादाकडून भिंतीशी उभं राहून पाय उचलायचा, कोपऱ्यात उभं राहून मान फिरवायची, रेषेवरून पाऊल टाकायचा सराव करून घेतात. नेमानं केलं तर चालण्यात खरंच फरक पडतो, आणि सोडलं की तो ओसरतो. घरात आम्ही न्हाणीघरात दांडी बसवली, दारांचे उंबरे काढले, चपलांऐवजी पट्ट्याचे बूट आणले, पेला जड बुडाचा घेतला. पाणी पिताना हनुवटी खाली ठेवायला ताईंनीच शिकवलं, ठसका कमी लागतो. पूजेच्या ताटाखाली ओलं फडकं घातलं की ते सरकत नाही. कपाळाला बुक्का लावताना तो आता डाव्या हातानं उजवं कोपर छातीशी दाबून धरतो आणि पाटावर बसूनच लावतो. टिळा मधोमध बसत नाही, पण डोळ्यात जात नाही. तू चालवून घे.

वहिनींसाठी काय मागू? रात्री तो उठला की त्यांना जाग येते, त्यांची झोप तुझ्या नंदादीपासारखी जळते आहे. त्यांना महिन्यातून चार दिवस माहेरी जाता येईल एवढी सवड आणि ते दिवस सांभाळायला मला धड पाठ दे. आणि त्या कधी वैतागून त्याच्यावर ओरडल्या, तर ते पाप म्हणून लिहून ठेवू नकोस.

आता जे सगळ्यांत शेवटी ठेवलं ते.

ज्याला हे आहे त्याच्या प्रत्येक लेकराला ते मिळायची शक्यता निम्मी. अण्णांची मी लेक आहे. रक्त दिलं की कळेल, पण मी अजून दिलं नाही. पायरी चुकली, हातून वाटी निसटली, की आधी काळजात चर्र होतं आणि मग मी सुईत दोरा ओवून बघते. माझ्यासाठी मी धीर मागते. कळून घ्यायचं असेल तर तो, आणि न कळता जगायचं असेल तर तोही.

पण दादाच्या सईचं तसं नाही. ती बावीस वर्षांची आहे. स्थळं येताहेत. मामा-मावशा म्हणतात, कशाला बोलायचं, लग्न होऊ दे, पुढचं पुढं. ती म्हणते, ‘आत्या, मी आधी तपासून घेणार आणि जे येईल ते सांगूनच लग्न करणार.’ तिचं बरोबर आहे. लपवून दिलेली मुलगी ही दोन घरांची फसवणूक आहे, आणि तिला स्वतःला लेकरू हवं झालं तर त्या वेळी काय काय तपासता येतं हे तिला आधीच कळलेलं बरं. तपासणीच्या आधी आणि नंतर समुपदेशक तिच्याशी बोलणार आहेत. दादाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग एकेक अक्षर तोडत म्हणाला, ‘तिला... एकटीला... पाठवू नका.’

मी जाणार आहे तिच्याबरोबर. वाटेत धीराच्या गोष्टी सांगायला मला जमणार नाहीत, तेवढं तू बघ. ज्यांना ती आपली वाटेल, जे तिचा कागद नाही तर तिला बघतील, अशी माणसं तिच्या दारी आण. निम्म्या शक्यतेचा जो आकडा आहे तो तिच्या जन्माआधीच ठरून गेला, आता तुझ्या हातीही तो बदलणं नाही, हे मला कळतं. तरी मागते, कारण मागायला दुसरं दार मला माहीत नाही.

येत्या सोमवारी सई रक्त देणार आहे. पांडुरंगा, तिचा आकडा बावीस येऊ दे.